हौदांच्या मागावर पुण्यात एक दिवस

मागच्या कुठल्या काळात राहायला आवडेल, असं कुणी विचारलं की माझं उत्तर वर्षानुवर्षं ठरलेलं होतं: नानासाहेब पेशव्यांचं पुणं, 1750 च्या आसपासचं. कारण पाणी. कात्रजच्या डोंगरात तलाव बांधून तिथलं पाणी विटांच्या बंदिस्त नळातून शहरातल्या हौदांपर्यंत आणणारं ते पुणं. ना पंप, ना वीज. नुसत्या उतारावर पाणी वाहत यायचं. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरची वाट बघताना मला त्या हौदांची फार आठवण यायची.

गेल्या महिन्यात ते पाणी जसं आलं तसं आपणही जायचं ठरवलं. सोबत सासूबाई. वय 71, मूळच्या पारनेरकडच्या, चालायला माझ्यापेक्षा काटक.

सकाळी सातला कात्रज. स्वारगेटहून पीएमपीच्या भरपूर बस आहेत, स्वतःची गाडी नेऊ नका. तलावाला आता नानासाहेब पेशवे जलाशय म्हणतात. शेजारच्या प्राणीसंग्रहालयातूनही पाणी दिसतं, पण ते बुधवारी बंद असतं. डास फार आहेत, अंगभर कपडे घाला. स्वच्छतागृहाचं कामही इथंच उरकून घ्या. पुढे पेठांमध्ये बायकांची पंचाईत होते.

काठावर उभं राहून बघण्यासारखं खरं तर डोळ्यांना दिसत नाही, ते जमिनीखाली आहे. इथून निघालेला नळ म्हणजे पाइप नव्हे, माणूस आतून चालत जाईल एवढं भुयार. वाटेत ठरावीक अंतरावर उभे झरोके, त्यांना उच्छ्वास म्हणतात. त्यातून हवा खेळायची आणि साफसफाईला माणसं उतरायची. गाळ मध्येच खाली बसावा आणि हौदात निवळशंख पाणी पडावं, अशी सोय होती. सासूबाईंना हे सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न केला, "उतार मोजला कशानं गं?" मला हा प्रश्न फार आवडला. तलाव बघून सगळे 'किती सुंदर' म्हणतात, उताराचं कुणी विचारत नाही.

परतीच्या बसमध्ये स्वारगेटच्या अलीकडे उजव्या हाताला गुलटेकडी लागते. तिथं मला जे आठवलं ते सांगायलाच हवं, कारण माझं ठरलेलं उत्तर तिथंच डळमळलं. 1855 मध्ये 'ज्ञानोदय' या मिशनऱ्यांच्या नियतकालिकात एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, मांग समाजातली, फुल्यांच्या शाळेत शिकणारी कोवळ्या वयाची मुलगी. बाजीरावाच्या राज्यात मांग किंवा महार तालीमखान्यासमोरून गेला तर त्याचं डोकं उडवायचे आणि गुलटेकडीच्या मैदानात त्या डोक्याचा चेंडू करून खेळायचे, असं ती लिहिते. निबंध मी कॉलेजात असताना वाचला होता. पण कात्रजचं पाणी डोळ्यांत घेऊन गुलटेकडीवरून जाताना तो पहिल्यांदा अंगावर आला. मी त्या पुण्यात राहायचं म्हणते, तेव्हा कोण म्हणून राहणार असते? मुक्ताच्या पणजीला त्या हौदाला हात लावता आला असता का? नसता.

स्वारगेटहून मंडईपर्यंत मेट्रो, एकच स्थानक. सदाशिव पेठ हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावं आता चौकांना आणि बसथांब्यांना उरली आहेत. पाणी शोधत फिरू नका, पाट्या वाचत फिरा. नाश्ता मंडईजवळ नऊच्या आत करून घ्या, नंतर बसायला जागा मिळत नाही. शनिवारवाडा आम्ही यावेळी गाळला. दरवाजा आणि तट सोडले तर आत जोतीच आहेत, 1828 च्या आगीत वाडा गेला, आणि दुपारी सावली नाही. पहिल्यांदा येणाऱ्यांनी मात्र हजारी कारंज्यासाठी जावं.

विश्रामबागवाडा चुकवू नका. दुसऱ्या बाजीरावानं बांधलेला, बाजीराव रस्त्यावरच. सुरूच्या झाडासारखे कोरलेले लाकडी खांब आणि पुढे आलेला सज्जा. खांबाजवळ जाऊन बघा. खालून वर निमुळती होत गेलेली कोरीव पानं, आणि जिथं लोकांचे हात पोचतात तेवढ्याच उंचीवर लाकूड गुळगुळीत झालंय. लोक सज्जाचा फोटो काढून निघून जातात. मी थांबले ते 1852 साठी. त्या वर्षी 16 नोव्हेंबरला याच वाड्यात मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याच्या हस्ते जोतीराव फुल्यांचा शाळांच्या कामाबद्दल सत्कार झाला. पेशवाई बुडून जेमतेम 34 वर्षं झाली होती. ज्या बाजीरावाच्या राज्याबद्दल मुक्तानं ते लिहिलं, त्याच बाजीरावाच्या वाड्यात.

तिथून गंज पेठ. आता तिला महात्मा फुले पेठ म्हणतात. रिक्षावाल्यांना 'फुले वाडा' सांगा, काहींना 'समताभूमी' म्हटलं की पटकन कळतं. गल्ल्या अरुंद आहेत, रिक्षा थोडी आधी सोडून चालत गेलेलं बरं. 3 जानेवारी (सावित्रीबाईंची जयंती), 11 एप्रिल (जोतीरावांची जयंती) आणि 28 नोव्हेंबरला (त्यांचा स्मृतिदिन) राज्यभरातून माणसं येतात. निवांत बघायचं असेल तर हे दिवस टाळा. मी मात्र एकदा मुद्दाम त्या गर्दीत जाणार आहे.

वाडा हे नाव मोठं, घर लहान. कौलारू, जाड भिंतींचं, अंगण आणि तुळशी वृंदावन. याच घरातला पाण्याचा हौद जोतीरावांनी 1868 मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केला. कात्रजचा तलाव झाला, त्यानंतर शंभरावर वर्षांनी. आवारात विहीर आहे. सासूबाई तिच्याजवळ गेल्या आणि बराच वेळ वाकून आत बघत राहिल्या. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी घेतली नाही.

"आमच्या विहिरीवर एक बाई यायची," त्या म्हणाल्या. "लांब उभी राहायची. आईनं मला सांगितलेलं, वरून ओत, तिच्या भांड्याला आपली कळशी लागू देऊ नको. मी सात-आठ वर्षांची असेन. ओतायचे. अर्धं पाणी खाली सांडायचं. ती काही बोलायची नाही." मग थोड्या वेळानं, "तिचं नाव मी कधी विचारलं नाही बघ."

म्हणजे 1868 नंतर नव्वद वर्षं उलटून गेल्यावर, आणि पुण्यापासून फार लांब नाही. तिथं, त्या विहिरीपाशी माझं उत्तर बदललं. मला 1848 ते 1868 मधलं, फुल्यांच्या मुलींच्या शाळेपासून या हौदापर्यंतचं पुणं हवं. नळाचं पाणी नको, सोयी नकोत. या घरात दळण-पाणी करायला मिळालं, आणि हौद उघडला त्या दिवशी आलेल्या पहिल्या माणसाला पाणी काढून द्यायला मिळालं, तर तेवढं मला पुरेल. हे मी अगदी मनापासून लिहितेय.

शेवटचा टप्पा चालतच करा, रिक्षानं नको. फुले वाड्यापासून बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यापर्यंत. 1848 मध्ये मुलींची शाळा भरली ती जागा, दगडूशेठ गणपतीच्या समोर. जुनी इमारत डिसेंबर 2023 मध्ये पाडली, तिथं स्मारक व्हायचं आहे, तेव्हा वाडा बघायला मिळेल अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका. संध्याकाळी पाचनंतर हा रस्ता दर्शनाच्या गर्दीनं भरतो, त्याआधी पोचा. शाळा सुरू झाली तेव्हा सावित्रीबाई 17 वर्षांच्या होत्या. शिकवायला जाताना अंगावर शेण-चिखल यायचा म्हणून त्या जास्तीचं लुगडं बरोबर ठेवत. आम्ही गेलो त्या दिवशी वाटेत हातगाड्या, दुचाकी, फुलांचे वाटे. मध्येच एका दुकानदारानं सासूबाईंना स्टूल दिलं, त्या दोन मिनिटं टेकल्या आणि पुन्हा निघाल्या.

भिडे वाड्याच्या जागेसमोर आल्यावर त्यांनी पदरानं मान पुसली आणि घड्याळ बघितलं.

"पंचवीस मिनिटं," त्या म्हणाल्या. "आणि घरी जाताना पुन्हा तेवढीच. रोज."