यवतमाळहून नागपूर: अधिवेशनाच्या दिवसांत दोन दिवस चर्चेचे

पहाटेच्या एसटीत आम्ही नऊ जण होतो, त्यात सहा पोरी. कंडक्टरकाकांनी सहा अर्धी आणि तीन पूर्ण तिकिटं दिली आणि कळंब यायच्या आतच भांडण लागलं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं आहे. पोरांचं म्हणणं, घरची परिस्थिती तर सारखीच, मग आम्हीच पूर्ण कायले द्यायचं? मागच्या सीटवर पंच्याहत्तरी उलटलेल्या एक आजी होत्या. त्यांचं तर तिकीटच माफ. त्या म्हणाल्या, "मले पयले सांगा, लेकीच्या घरी मी आधी वर्सातून एकदा जाव, आता मयन्यातून जातो. हे कोनाच्या हिशेबात बसते?" नागपूरच्या दोन दिवसांत इतका चांगला प्रश्न मोजक्याच लोकांनी विचारला.

आम्ही निघालो होतो ते राज्याच्या धोरणांवर बोलायला. विदर्भातल्या काही कॉलेजांतली पोरं-पोरी, शंकरनगरजवळचा एक हॉल, प्रमुख पाहुणे नाहीत, हारतुरे नाहीत. डिसेंबर निवडला तो हिवाळी अधिवेशनामुळे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन इथे घ्यायचं ठरलं, म्हणून सरकार थंडीत इकडे येतं. त्याच दिवसांत जायचं ठरवलंत तर राहायची सोय महिनाभर आधी करून ठेवा. स्वस्त लॉज मिळत नाहीत. आम्ही पोरी एका मैत्रिणीच्या मावशीकडे राहिलो, पोरं हॉलमध्येच सतरंज्यांवर झोपली आणि सकाळी तिघांचेही आवाज बसलेले. ब्लँकेट न्याच.

वर्ध्याकडून येत असाल तर गणेशपेठ स्टँडपर्यंत बसून राहू नका. छत्रपती चौकात गाडी थांबली तर तिथेच उतरून मेट्रो धरा. बर्डीला (सीताबर्डी स्टेशन) लाइन बदलली की शंकरनगर. अधिवेशनात सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते कधी बंद होतील याचा नेम नसतो आणि ऑटोवाला तो वळसा तुमच्याच खिशातून घालतो.

पहिली सकाळ वाया गेली, स्पष्टच सांगते. विषय होता अनुशेष, म्हणजे मागे राहिलेल्या भागांच्या विकासाची साचलेली तूट. दहापैकी आठ जणांनी 'विदर्भावर अन्याय' या दोन शब्दांवर सात-सात मिनिटं काढली. टाळ्या पडल्या. मग गडचिरोलीकडच्या एका मुलाने झेरॉक्सचा गठ्ठा काढला. प्रादेशिक असमतोलावरचा १९८४ चा दांडेकर समितीचा अहवाल, त्याच विषयावरचा २०१३ चा केळकर समितीचा, आणि ३० एप्रिल २०२० ला प्रादेशिक विकास मंडळांची मुदत संपल्याची बातमी. त्याने विचारलं, "अनुशेष मोजायचं एकक जिल्हा की तालुका? माझ्या जिल्ह्याची सरासरी काढली तर भामरागड तालुका दिसतच नाही." हॉल गप्प. कोणाकडे उत्तर नव्हतं, पण त्यानंतर कोणी भाषण केलं नाही.

म्हणून पहिली सूचना हीच: सोबत कागद न्या. शासन निर्णय सरकारच्या संकेतस्थळावर मराठीतच असतात, काढून पूर्ण वाचा, मुख्यतः अटी. दुपारी मुलींच्या शुल्कमाफीवर बोलणं निघालं तेव्हा याचा उपयोग झाला. जुलै २०२४ च्या निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत मिळाली हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा, हे निम्म्यांना ठाऊक नव्हतं. स्वाधार योजनेवर आमच्यातली एक बोलली. वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना नागपुरात वर्षाला ६०,००० रुपये, यवतमाळला ४३,०००. "खोलीभाडं कमी, हे बरोबर," ती म्हणाली, "पण डाळ तर तिथेही त्याच भावाची." तिची रक्कम एक वर्ष उशिराने आली होती. तोवर मेसचे पैसे कोणी भरले, हे तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी विधानभवनाची प्रेक्षक गॅलरी बघायची होती. पास 'होऊन जाईल' म्हणणाऱ्याचा फोन सकाळपासून बंद. तुम्हाला जायचं असेल तर आपापल्या आमदारांच्या कार्यालयात आधीच अर्ज द्या, ओळखपत्राची प्रत द्या, तिसऱ्याच्या भरवशावर राहू नका. आम्ही रागारागात तर्री पोहे खाल्ले (तर्री जपून, प्रवासात पोटाशी पंगा नको) आणि यशवंत स्टेडियमकडे चालत गेलो, जिथून मोर्चे निघतात.

पास न मिळाल्याचं दुःख तिथे संपलं. विनाअनुदानित शाळांतले शिक्षक बसले होते. एका बाईंनी जवळ बोलावलं. "कुठून आल्या गं पोरीहो? बीएड कोण करून राहिलं?" दोघींनी हात वर केले. बाई हसल्या आणि पिशवीतून फाइल काढली. प्लॅस्टिकच्या कव्हरात नेमणुकीचं पत्र, मान्यतेचं पत्र, टप्पा अनुदानाचे (सरकार शाळेला टप्प्याटप्प्याने देतं ते अनुदान) निर्णय, सगळं तारीखवार. वीस टक्के, मग चाळीस. प्रत्येक टप्प्यासाठी एकदा नागपूर. त्यांना अटी कलमांसकट पाठ होत्या. आमच्या हॉलमध्ये असं तयारीनं कोणीच आलं नव्हतं. मोर्चा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटकडे निघाला तेव्हा आम्ही कडेकडेने थोडं चाललो. आयोजकांना माझं सांगणं आहे, पुढच्या वर्षी अर्धा दिवस इथेच ठेवा. फोटो काढण्याआधी विचारा, आणि पाणी सोबत असू द्या, मागायची वेळ येऊ नये.

दुपारी हॉलमध्ये कोणीतरी म्हणालं, आपलं मत विधान परिषदेत तरी पोचतं, पदवीधर मतदारसंघ आहे. आहे, पण पदवीनंतर तीन वर्षं झाल्यावरच नाव घालता येतं आणि यादी दर निवडणुकीला नव्याने होते, फॉर्म पुन्हा भरावा लागतो. हे कळल्यावर बरेच जण बोटांवर वर्षं मोजत बसले.

निघताना प्रत्येक गटाने माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज करायचं ठरलं. दहा रुपये शुल्क, उत्तराला तीस दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, हे ध्यानात असू द्या. आमचा विषय होता जिल्ह्यातल्या स्वाधारच्या हप्त्यांच्या तारखा. परतीच्या गाडीत मोबाइलच्या उजेडात लिहायला घेतला. बुटीबोरीला २१२ शब्द झाले होते. वर्ध्याला 'सविनय' आणि 'महोदय' उडवले, 'अन्याय' तर आधीच गेला होता. १६३. देवळीच्या पुढे एका खड्ड्यात पेन घसरलं आणि अख्खी ओळ खोडली गेली. वाचून पाहिलं तर तिच्याशिवायही अर्ज नीट कळत होता. १४८.