प्रोस्टेटमधली कॅन्सरची गाठ केवढी होती?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. १.४ सेंटिमीटर.

झालं समाधान? अंबाझरीला फिरायला येणाऱ्यांपासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांना हाच आकडा हवा असतो. "काऊन जी, गाठ तर लहानच होती म्हणे, मंग परत कशी आली?" त्या 'मंग'मध्ये माझंच काहीतरी चुकलं असणार, हे गृहीत धरलेलं असतं. पथ्य पाळलं नसेल, सावजी सोडलं नसेल. सावजी सोडलं नाही हे खरं आहे. त्याचा इथे संबंध नाही.

आमच्या घरात मापाचं खूळ वहिनीच्या स्तनाच्या कॅन्सरपासून शिरलं. तिथे २ सेंटिमीटर, ५ सेंटिमीटर अशा पायऱ्याच असतात. प्रोस्टेट काढल्यावर टप्पा लिहितात तो मापावरून नाही. रोग ग्रंथीच्या आतच होता, की बाहेर पडला, वीर्यकोशात शिरला, हे बघतात. आणि बरेचदा एकच एक गाठ नसतेच, दोन-तीन ठिकाणी सुरुवात झालेली असते.

हे शहाणपण आजचं. पाटबंधारे खात्यात मी ३१ वर्षं एमबी, म्हणजे कामाच्या मोजमापाची वही, भरली. जे मापात नाही ते झालंच नाही, ही सवय. ऑपरेशननंतरचा रिपोर्ट रामदासपेठेतल्या दवाखान्यात बाकावर बसूनच उघडला आणि आधी माप शोधलं. शेजारी काटोलकडचे एक संत्रावाले बसले होते. त्यांची ३ सेंटिमीटरच्या वर. मी त्यांना धीर दिला. धीर कसला, मनात हुश्श झालं होतं, आणि ते तोंडावर दिसलं असणार, कारण त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात टाकली.

आत डॉक्टरांचं बोट मापाच्या ओळीवर थांबलंसुद्धा नाही. थांबलं ते ग्लीसन ४+३ वर, म्हणजे रोग किती आक्रमक त्याच्या गुणांवर, मग 'मार्जिन पॉझिटिव्ह'वर. काढलेल्या ग्रंथीला बाहेरून शाई लावतात, मग तिचे काप करतात. कॅन्सरच्या पेशी त्या शाईला टेकलेल्या दिसल्या, तर काठाशी काही मागे राहिलं असू शकतं. मी म्हटलं, "पण सर, गाठ तर लहान आहे ना?"

"हो, लहान आहे," म्हणाले, आणि पुढचं सांगू लागले.

घरी बायकोनं विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, लहान आहे म्हणाले. तिनं संध्याकाळपर्यंत वीस-पंचवीस फोन केले. म्हणजे तुम्ही ज्या आकड्यावरून मला धरता, तो गावभर केला मीच.

दोन वर्षांनी पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्तचाचणी, ०.२१ आला. महिन्याभरानं पुन्हा केला, ०.२४. म्हणजे रोग परतला होता. या वेळी ती सोबत होती. डॉक्टर म्हणाले, "मार्जिन पॉझिटिव्ह होतं, पेशी शाईला टेकलेल्या होत्या, तुम्हाला माहीतच आहे." ती माझ्याकडे बघत राहिली. ऑटोत बोलली नाही. शंकरनगर चौकात सिग्नलला म्हणाली, "शाई कसली होती जी?"

मी काय सांगितलं ते आठवत नाही. सिग्नल लांब होता.

आता माप अगदीच बिनकामाचं, असंही म्हणवत नाही. मोठ्या गाठी जास्त वेळा परततात. पण मोठी गाठ सहसा जास्त आक्रमकही असते आणि ग्रंथीबाहेरही गेलेली असते. हे हिशेबात धरलं की मापाचा स्वतःचा वाटा फारसा उरत नाही, असं बऱ्याच अभ्यासांत निघालं, काहींत थोडा उरतो. मार्जिन पॉझिटिव्ह असूनही अनेकांना आयुष्यभर काही होत नाही. मग मी लपवलं काय आणि सांगितलं काय? पीएसए ठरल्या तारखांना होतच होता, उशीर झाला नाही, रेडिएशन वेळेवर मिळालं. हे मी तिला अनेकदा समजावलं. ती म्हणते, तो प्रश्नच नाही.

परवा मी आतल्या खोलीत होतो. बाहेर ती फोनवर कुणाला तरी सांगत होती, "नाही हो, लहानच होती. १.४." मी पंखा वाढवला.