आमची वाटचाल : चढावर दम तोडणाऱ्या गाड्या आणि आम्ही

आमच्या कार्यशाळेची सुरुवात मोटर रिवाइंडिंगच्या कामाने झाली. पंपांच्या आणि छोट्या यंत्रांच्या मोटरींबरोबर अधूनमधून गोल्फ कार्टची जळालेली मोटर येई. आम्ही ती नव्याने गुंडाळून, कार्बन ब्रश बदलून परत देत असू. त्यांपैकी एका गाडीची मोटर काही महिन्यांच्या अंतराने तीन वेळा आमच्याकडे आली. प्रत्येक वेळी कम्युटेटरच्या, म्हणजे कार्बन ब्रशकडून फिरत्या गुंडाळणीला प्रवाह पोहोचवणाऱ्या तांब्याच्या कड्याच्या, शेजारशेजारच्या ठरावीक पट्ट्याच काळ्या पडलेल्या असत, बाकीच्या स्वच्छ असत. गुंडाळणी दर वेळी नवी असूनही तेच घडत होते, म्हणून कारण मोटरीबाहेर असावे असे आम्हाला वाटले. तिसऱ्या वेळी आम्ही मोटर परत पाठवण्याऐवजी स्वतःच गाडीपाशी गेलो. ती गाडी एका टेकडीवरच्या संकुलात चालत होती आणि चढाच्या माथ्यावरचे फाटक उघडेपर्यंत चालक ब्रेक न लावता, ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून गाडी चढावरच तोलून धरत होता. मोटर फिरत नव्हती, पण तिच्यातून प्रवाह मात्र सतत वाहत होता, आणि तोही त्याच चार-पाच पट्ट्यांमधून. त्या दिवसापासून आमचे लक्ष मोटरीवरून चढाकडे वळले आणि पुढचा सगळा व्यवसाय त्यातूनच उभा राहिला.

चढ गाडीकडून नेमके काय मागतो, हे आम्ही त्या काळात कागदावर मांडून पाहिले. बॅटरी आणि चार माणसे धरून ८०० किलो वजनाच्या गाडीला सपाट, कठीण रस्त्यावर चालण्यासाठी साधारण १५० न्यूटन बल पुरते. शंभर मीटरला दहा मीटर उंची, म्हणजे १० टक्के चढ लागला, की हीच गरज ९४० न्यूटनच्या आसपास, म्हणजे सहापट होते. ताशी १५ किलोमीटर वेगाने तो चढ चढायचा तर चाकांपाशी सुमारे ३.९ किलोवॉट शक्ती लागते. मोटर आणि गिअरमधील घट धरता ४८ व्होल्टच्या बॅटरीसंचातून १०० अँपिअरहून अधिक प्रवाह ओढला जातो. चढ २० टक्क्यांचा असेल तर हा आकडा २०० अँपिअरच्या घरात जातो. सपाटीवर उत्तम पळणारी गाडी चढावर का बसते, याचे उत्तर या आकड्यांत आहे, कारण सपाटीवर झाकून राहणारा प्रत्येक लहान दोष एवढ्या प्रवाहाखाली उघडा पडतो.

हे समजायला आम्हाला वेळ लागला. सुरुवातीच्या एका ग्राहकाला आम्ही अधिक ताकदीची मोटर बसवून दिली आणि गाडी चढावर पूर्वीसारखीच रखडली. मोटरीला किती प्रवाह द्यायचा हे ठरवणाऱ्या कंट्रोलरची प्रवाहमर्यादा तीच होती, त्यामुळे नव्या मोटरीला तिच्या योग्यतेचा प्रवाह मिळतच नव्हता. शिवाय त्या गाडीला दिसायला रुबाबदार म्हणून १८ इंचांऐवजी २२ इंचांचे टायर बसवलेले होते. चाकाची त्रिज्या वाढली की तेवढाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जमिनीवर कमी बल देतो. १८ वरून २२ वर गेल्याने ढकलण्याची ताकद १८ टक्क्यांनी घटली होती. आम्ही मूळ मापाचे टायर घातले, जुनीच मोटर पुन्हा बसवली आणि गाडी चढली. नव्या मोटरीचे पैसे आम्ही ग्राहकाला परत केले. तेव्हापासून मोजमाप केल्याशिवाय कोणताही सुटा भाग सुचवायचा नाही, हा नियम आम्ही आजतागायत पाळतो.

आमचे मोजमाप साधे असते, पण ते गाडी चढावर भरलेली असतानाच घ्यावे लागते. एक जण गाडी चालवतो आणि दुसरा क्लॅम्प मीटरवर प्रवाह व मल्टिमीटरवर व्होल्टेज पाहतो. आठ व्होल्टच्या सहा शिसे-आम्ल बॅटऱ्यांचा संच पूर्ण चार्ज होऊन विसावलेला असताना प्रत्येक बॅटरी ८.४ ते ८.५ व्होल्ट दाखवते आणि सगळ्या एकसारख्या चांगल्या वाटतात. चढावर मात्र पाच बॅटऱ्या सात व्होल्टच्या वर टिकून राहतात आणि सहावी साडेपाचपर्यंत कोसळते, असे आम्ही कितीतरी वेळा पाहिले आहे. संच सिरीजमध्ये जोडलेला असल्याने त्या एका बॅटरीतूनही तेवढाच प्रवाह जावा लागतो, संपूर्ण संचाचे व्होल्टेज पडते आणि कंट्रोलर बॅटरी वाचवण्यासाठी स्वतःच प्रवाह आखडता घेतो. अशा बॅटरीच्या प्रत्येक कप्प्यातील आम्लाची घनता हायड्रोमीटरने तपासली की दोष निश्चित होतो. जुन्या संचात एकच नवी बॅटरी घालणे हा मात्र तात्पुरता उपाय आहे, हे आम्ही ग्राहकाला आधीच स्पष्ट सांगतो.

केबल आणि लग, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवलेले धातूचे जोड, यांच्याविषयी मला थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त फरक आम्ही इथे पाहिला आहे. नीट न दाबलेल्या किंवा गंजलेल्या एका लगचा रोध चार मिलिओम एवढा जरी असला, तरी २५० अँपिअर प्रवाहाला तिथे पूर्ण एक व्होल्ट खर्ची पडतो आणि त्या एका टोकाशी २५० वॉट उष्णता निर्माण होते. बॅटरीचे शिशाचे टोक वितळून गेलेल्या ज्या गाड्या आमच्याकडे आल्या, त्या बहुतेक अशाच होत्या. मूळच्या १३ चौरस मिलिमीटरच्या केबलऐवजी ३३ चौरस मिलिमीटरची केबल घातली तर केबलमधील घट निम्म्याहून कमी होते. मात्र लग हायड्रॉलिक क्रिंपिंगच्या साधनाने दाबलेले हवेत, हातोडीने ठोकलेले नव्हेत. आमच्याकडे नवीन येणारा मुलगा पहिले काही आठवडे केवळ लग दाबायला आणि दाबलेला लग कापून त्याचा छेद तपासायला शिकतो. मोठ्या प्रवाहासाठी कॉन्टॅक्टर, म्हणजे बॅटरीचा पुरवठा जोडणारा-तोडणारा विद्युतचलित स्विचही, त्याच क्षमतेचा लागतो, अन्यथा त्याचे संपर्कबिंदू चिकटतात आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावरही बॅटरीचा पुरवठा तुटत नाही.

कंट्रोलरच्या सेटिंगचे काम आम्ही उशिरा शिकलो. फील्ड, म्हणजे चुंबकीय क्षेत्र निर्माण करणारी स्थिर गुंडाळी, वेगळी असणाऱ्या मोटरींमध्ये फील्डचा प्रवाह कमी केला की गाडीचा वेग वाढतो, आणि पुष्कळ ठिकाणी ग्राहकाच्या आग्रहाखातर असे करून दिले जाते. त्याची किंमत चढावर मोजावी लागते, कारण दुबळ्या फील्डमध्ये आरमेचरच्या, म्हणजे मोटरीच्या फिरत्या भागाच्या, तितक्याच प्रवाहाला टॉर्क कमी मिळतो. मग आरमेचरचा प्रवाह वाढतो, मोटर आणि कंट्रोलर दोन्ही तापतात. अनेक कंट्रोलर ८५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की प्रवाह कमी करू लागतात आणि गाडी चढाच्या मध्यावर मंदावते. आरमेचरवरील भार वाढताच फील्डही भरीव होईल, अशी मांडणी आम्ही करतो आणि सपाटीवरचा वेग थोडा कमी होईल हे ग्राहकाकडून आधी मान्य करून घेतो. काही गाड्यांमध्ये आम्ही मागील ॲक्सलच्या गिअरचे गुणोत्तर सुमारे १२.४ वरून १६ पर्यंत नेले. त्याने चाकावरील बल जवळपास २९ टक्क्यांनी वाढते आणि कमाल वेग साधारण २२ टक्क्यांनी उतरतो. रोज उभ्या चढावर माणसे वाहणाऱ्या गाडीसाठी मला हाच उपाय सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण त्यात तेवढेच बल मिळवण्यासाठी मोटरीला कमी प्रवाह लागतो.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या आल्यावर गाडीचे वजन शंभर किलोहून अधिक कमी झाले, म्हणजे आमच्या ८०० किलोच्या उदाहरणात चढाचा भार आठव्या हिश्शाने हलका झाला, आणि व्होल्टेजही टिकून राहू लागले. परंतु पहिल्याच गाडीत आम्ही चूक केली. त्या संचाच्या संरक्षक मंडलाची सलग प्रवाहमर्यादा १०० अँपिअर होती आणि कंट्रोलर त्याच्या दुपटीहून अधिक ओढू शकत होता. भर चढावर मंडलाने पुरवठा तोडला आणि गाडी मागे सरकू लागली. चालकाने पायब्रेक वेळीच दाबला म्हणून कुणाला इजा झाली नाही. त्या प्रसंगाने मी फार अस्वस्थ झालो होतो. त्यानंतर मंडलाची मर्यादा कंट्रोलरच्या मर्यादेपेक्षा जास्त असल्याशिवाय आम्ही संच बसवत नाही.

उताराचा विचार आमच्या कामात तेव्हापासून पक्का झाला. चढण्याची ताकद वाढवलेली गाडी अधिक उंच जागी, अधिक माणसे घेऊन जाऊ लागते आणि परत उतरताना तेच वजन तिच्या मागच्या ड्रम ब्रेकवर येते. म्हणून ब्रेक लायनिंग, ड्रम आणि ब्रेकची तार तपासल्याशिवाय आम्ही चढाचे कोणतेही काम हाती घेत नाही. रिजनरेटिव्ह ब्रेकिंग असलेल्या, म्हणजे उतारावर मोटरच गाडी रोखते आणि त्यातली वीज बॅटरीत परत पाठवते अशा, गाड्यांचीही एक अडचण आहे. एका संकुलात चार्जिंगची जागा टेकडीच्या माथ्यावर होती. सकाळी पूर्ण भरलेल्या बॅटरीनिशी गाड्या उताराला लागत आणि परत येणारी वीज साठवायला बॅटरीत जागाच नसल्याने मोटरीचा ब्रेक दुबळा पडे. १०० मीटर उंची उतरताना ८०० किलोची गाडी जास्तीत जास्त ०.२२ युनिट वीज परत देऊ शकते. ती फार नाही, पण तिला जागा हवी. सध्या आम्ही तिथल्या गाड्यांचे चार्जर संच थोडा रिकामा ठेवून थांबतील असे बसवत आहोत आणि चार्जिंगची जागा पायथ्याला हलवता येईल का, याची त्या संकुलाच्या व्यवस्थापकांबरोबर पाहणी सुरू आहे.