‘मिटवा ना आता’ म्हणणं वेगळं, मध्यस्थी वेगळी

जुलैतल्या एका संध्याकाळी आमच्या लॅबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक ओळ आली : ‘सकाळची शिफ्ट डोंबिवली लोकलच्या वेळेवर चालते.’ नाव कुणाचंच नव्हतं. पण सकाळच्या शिफ्टला डोंबिवलीहून परळला येणारी मी एकटीच. चौदा वर्षं बायोकेमिस्ट्रीच्या बेंचवर काढलीत. ती ओळ वाचून रात्रभर झोप लागली नाही.

झालं होतं असं. दुपारी एक सॅम्पल हिमोलाइज्ड निघालं, म्हणजे सीरम, रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पिवळसर पाणी, लालसर. तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम सीरममध्ये उतरतं आणि रिपोर्ट खोटा वाढीव येतो. रक्त पुन्हा घ्यावं लागणार, हे मी ट्रेनीला तोंडी सांगितलं आणि चार वाजता निघाले. ट्यूब रॅकमध्येच राहिली. संध्याकाळच्या शिफ्टला असलेल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी ती मशीनला लावली. ग्रुपवरची ओळही त्यांचीच.

ग्रुपवरच माफी हवी, असा लेखी अर्ज मी एचआरला दिला. पुढचे तीन आठवडे आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही. विभागप्रमुख म्हणाले, ‘‘दोघं जुने आहात, मिटवा ना आता.’’ हे वाक्य मला फार लागतं. ते बहुतेक वेळा ज्याला शांतता हवी असते तोच म्हणतो, आणि गप्प बसायचं असतं दुसऱ्याने.

म्हणून एचआरने मध्यस्थी सुचवली तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. माझे वडील गिरणीत होते. त्यांच्याकडून ‘समेट’ ऐकलेला, तो 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातला : सरकारी अधिकाऱ्यापुढे युनियन आणि मालक. दोन सहकाऱ्यांच्या अबोल्यासाठी असं काही असतं, हे माहीतच नव्हतं. वकिली करणाऱ्या मामेबहिणीने समजावलं, ‘‘लवाद निकाल देतो, मध्यस्थ देत नाही. पटलं नाही तर सही करू नकोस, उठून ये.’’ तिथे बोललेलं पुढे कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही, अशी तरतूद 2023 च्या मध्यस्थी कायद्यात आहे, हेही तिनेच सांगितलं. मी एकच अट घातली : मध्यस्थ बाहेरची व्यक्ती हवी. एचआरचा पगार जिथून होतो तिथूनच विभागप्रमुखांचाही होतो.

शनिवारी दुपारी आम्ही तिघंच बसलो. मध्यस्थ बाईंनी आधी गोपनीयतेच्या कागदावर सह्या घेतल्या. मग एकेकाने बोलायचं, दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही. त्यानंतर त्यांनी जे करायला लावलं ते मला सगळ्यात जड गेलं : समोरचा काय म्हणाला ते आपण सांगायचं, तो ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत.

ते म्हणाले, ‘‘मॅडमना लोकलवरून बोललेलं लागलं.’’

‘‘नाही. मी काम टाकून पळते, असं सगळ्यांसमोर म्हटलंत, ते लागलं.’’

दुसऱ्या वेळी त्यांनी बरोबर सांगितलं. मला मात्र तीनदा सांगूनही जमेना. मी म्हणत राहिले, डॉक्टर तुम्हाला ओरडले म्हणून तुम्ही चिडलात. शेवटी ते म्हणाले, ‘‘ओरडण्याचं काही नाही हो. पेशंट डायलिसिसचा होता. पोटॅशियम 6.8 असा वाढीव रिपोर्ट गेला माझ्या सहीने. डॉक्टरांनी फोन करून विचारलं नसतं तर?’’ किडनीच्या पेशंटचं पोटॅशियम वाढलेलं कुणालाही खरं वाटलं असतं. त्यांचा राग भीतीतून आला होता. तीन आठवड्यांत हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

मग बाई दोघांशी वेगवेगळं बोलल्या. मला त्यांनी विचारलं, ‘‘माफी मिळाली आणि सोमवारी रॅक पुन्हा तसाच राहिला, तर चालेल?’’ खरी गोम तिथे होती. माझी शिफ्ट चारला सुटायची आणि त्यांची चारलाच सुरू व्हायची. हँडओव्हरला एक मिनिटही ठेवलेलं नव्हतं. रोस्टर आमच्या हातात नसल्यामुळे शेवटच्या अर्ध्या तासाला, आम्हा दोघांच्या संमतीने, विभागप्रमुखांना आत बोलावलं.

कागदावर आलं ते एवढंच : त्यांनी पावणेचारला यायचं आणि तेवढंच लवकर निघायचं, अडलेली सॅम्पल लाल ट्रेमध्ये, रजिस्टरला दोघांच्या सह्या, ग्रुपवर कुणाच्या कामाबद्दल लिहायचं नाही. ग्रुपवर त्यांनी स्वतःहून लिहिलं, ‘ती ओळ मी लिहायला नको होती.’ मला तेवढं पुरलं.

सगळीच भांडणं या टेबलावर आणू नयेत, असं मला ठामपणे वाटतं. लैंगिक छळाच्या तक्रारीत तर 2013 च्या कायद्यानुसार समेट फक्त तक्रारदार बाईने मागितला तरच होऊ शकतो आणि पैसे हा त्याचा आधार असू शकत नाही. ‘बसून बोला’ असा आग्रह तिथे कुणी धरला, तर साफ नाही म्हणा.

महिन्याभराने मध्यस्थ बाईंनी ठरल्याप्रमाणे दोघांना फोन केला. सप्टेंबरच्या पावसात एकदा गाड्या खोळंबल्या होत्या आणि मला साडेतीनलाच निघावं लागलं होतं. म्हणून आम्ही कागदात एक कलम वाढवलं : अशा दिवशी हँडओव्हर फोनवर, आणि रजिस्टरमधली माझी सही दुसऱ्या दिवशी सकाळी.