थवान दच्चनी अभ्यासचित्रं: लाल जमला, वर्ख अडला

थाई चित्रकार थवान दच्चनी यांच्या शैलीतली अभ्यासचित्रं करतोय. लाल पाया या वेळी मनासारखा बसला. अडलं ते वर्खाशी. घोड्याच्या मानेवर साइझ (वर्ख चिकटवायचा चिकट थर) लावला तिथे वर्ख धरला, पण शेजारच्या कोऱ्या लालावरही कण चिकटून बसले. मऊ ब्रशने झटकले तरी जात नाहीत, आणि कडेची धार मरते. थवान यांच्या काळ्या-लाल-सोनेरी चित्रांत सगळा जोर त्या धारेवरच असतो.

लालाचं आधी सांगून टाकतो. पायरोल रेड (रंगद्रव्याचा क्रमांक पीआर २५४) थेट गेसोवर, म्हणजे कॅनव्हासच्या पांढऱ्या अस्तरावर, दिला तर फटकारे दिसतात. म्हणून खाली नॅफ्थॉल रेडमध्ये थोडा टायटॅनियम पांढरा मिसळून एक झाकणारा थर आणि वर शुद्ध पायरोलचे दोन पातळ थर. काळा मात्र मार्स ब्लॅकच. आयव्हरी ब्लॅक लालावर पातळ पडतो आणि तपकिरी दिसतो. १० सेंमीचा चपटा ब्रश, भरपूर रंग, एकच ओढ, दुरुस्ती नाही. शिल्पकॉर्न विद्यापीठात शिल्प भीरस्री (मूळचे इटलीचे कोराडो फेरोची) यांच्या हाताखाली आणि पुढे अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सअकादमीत घोटलेलं रेखाटन थवान यांच्या हातात होतं. म्हणून त्यांची ती एक ओढ बैलाचा अख्खा खांदा उभा करते. रंग मोजकेच ठेवूनही चित्र भडक दिसतं, ते यामुळेच.

आता वर्ख. अ‍ॅक्रिलिकचा थर वाळला तरी आतून किंचित मऊच राहतो, दमट हवेत जास्तच. टाल्कम पावडर चोळली की चिकटणं कमी होतं, पण लाल फिका पडतो. शेलॅकने (लाखेच्या व्हार्निशने) चिकटणं थांबतं, पण चकाकी येते आणि काळ्याचा मॅटपणा जातो. दोन्ही बाद.

उपाय थायलंडातच सापडला: लाय रोत नाम, म्हणजे पोथ्यांच्या कपाटांवरचं काळं-सोनेरी लाखकाम. तिथे सोनं नको असलेली जागा आधी हरताळ (एक पिवळं खनिज), कवठाचा डिंक आणि शिकेकाईचं पाणी यांच्या लेपाने झाकतात. वर चिकट लाखेचा पातळ हात देऊन सोन्याचा वर्ख लावतात आणि मग पाण्याने धुतात. लेप विरघळतो, वरचं सोनं घेऊन जातो. धार सुरीने कापल्यासारखी.

हरताळात आर्सेनिक असतं, त्याला हात लावू नका. त्याऐवजी पिवळी माती २ भाग, बाभळीच्या डिंकाचं दाट पाणी १ भाग, आणि रेघ ओढता येईल इतकं गाळलेलं शिकेकाईचं पाणी. शिकेकाई वगळू नका: तिच्या फेसाळ गुणामुळेच लेप अ‍ॅक्रिलिकवर थेंब-थेंब न होता पसरतो. डिंक वाढला तर वाळताना पापुद्रे सुटतात.

साइझ तेलाचाच, १२ तासांचा. पाण्याचा साइझ धुताना पुन्हा दुधाळ होऊन सुटतो. वर्ख ट्रान्सफर कागदावरचा, म्हणजे कागदाला हलकेच चिकटवलेला घ्या. सुटा वर्ख पंख्याखाली हाताळणं अशक्य. स्वस्त पुड्यांतली पानं कोपऱ्यांना फाटकी निघतात, तिथे पैसे वाचवू नका. आणि इमिटेशन वर्ख पितळेचा असल्याने काळवंडतो, वर व्हार्निश हवंच.

यामुळे क्रमही बदलतोय. आधी सोनं, वर काळा असा बेत होता. पण वर्खावर अ‍ॅक्रिलिक नखानेही निघतं. आता काळा आधी, मग लेप, सोनं शेवटी. लेप काळ्याच्या कडेवर १ मिमी आत घ्यायचा, म्हणजे सोनं काळ्याला भिडेल आणि मध्ये लालाची फट राहणार नाही. पहिली चाचणी २० × २० सेंमीच्या तुकड्यावर, एका दिवसाच्या वाळवणीनंतर ओल्या कापसाने धुऊन.