भयपट कोणाच्या हाती सोपवावा

इंदूर आणि महूच्या परिसरात चित्रित झालेल्या आमच्या मराठी भयपटाचे संकलन पूर्ण झाले आहे, आणि उरलेली निर्मिती व प्रदर्शन यांसाठी आता संस्था निवडायची आहे. आमच्याकडे नावाजलेला कलाकार नाही. बहुतेक मंडळी इथल्या हौशी मराठी रंगभूमीवरची आहेत आणि भांडवल मित्रांनी व नातलगांनी विश्वासाने दिलेले आहे. ज्या संस्थांशी बोलणी झाली त्यांचे करारनामे मी ओळ न् ओळ वाचले. त्यातून माझे मत असे झाले आहे की, संस्था किती रक्कम देऊ करते हे पाहण्याआधी, चित्रपट तिच्याकडे नुसता पडून राहिला तर तो आपल्याला कधी आणि कोणत्या अटीवर परत मिळेल, हे पाहिले पाहिजे.

हे मत मी भयपटापुरतेच मांडतो आहे, कारण भयपटाचे आयुष्य इतर छोट्या चित्रपटांहून वेगळे असते. त्याला ताऱ्यांची गरज कमी लागते, तो भाषेची सीमा सहज ओलांडतो, आणि त्याचा प्रेक्षक अनेकदा उशिरा जमतो. ‘तुंबाड’ ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा त्याची कमाई बेताची होती. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि पहिल्या खेपेपेक्षा अधिक चालला. २०१७ साली आलेल्या ‘लपाछपी’ या मराठी भयपटाचा चार वर्षांनी ‘छोरी’ या नावाने हिंदीत पुनर्निर्माण झाला, आणि दोन्हींचे दिग्दर्शक विशाल फुरिया हेच होते. पहिल्या प्रदर्शनाच्या घाईत ज्याने पुनर्निर्मितीचा किंवा पुनःप्रदर्शनाचा हक्क एका ओळीत देऊन टाकला असेल, त्याच्या हाती अशा वेळी काहीच उरत नाही. सर्वांत कठोर उदाहरण अमेरिकेतले आहे. जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चे नाव वितरकाने बदलले, आणि नवी शीर्षकपाटी करताना जुन्या पाटीवरची स्वामित्वाची सूचना गळून गेली. तिथल्या त्या वेळच्या कायद्यानुसार ती सूचना आवश्यक असल्यामुळे चित्रपट थेट सार्वजनिक मालकीचा झाला. चित्रपट करणाऱ्यांच्या कामात काही उणीव नव्हती; वितरकाच्या कार्यालयातील एका हलगर्जीने त्यांचा हक्क गेला.

आपला कायदा या बाबतीत निर्मात्याच्या बाजूचा आहे, पण निर्माता तो वाचत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखीच असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. ज्याला हक्क दिले त्याने एका वर्षात ते वापरले नाहीत, तर ते हस्तांतरण संपुष्टात येते, मात्र करारात वेगळे काही लिहिलेले नसेल तरच. हे ‘वेगळे काही’ जवळपास प्रत्येक छापील मसुद्यात आधीपासूनच असते. एका संस्थेने आम्हाला ध्वनीमिश्रण आणि रंगसुधारणेचा सगळा खर्च देऊ केला, बोलणेही अतिशय सौजन्याचे होते; परंतु मसुद्याच्या शेवटी सर्व भाषांतील, सर्व माध्यमांतील, संपूर्ण जगातील हक्क कायमस्वरूपी त्यांचे आणि एका वर्षाची तरतूद या कराराला लागू नाही, अशी दोन वाक्ये होती. देऊ केलेली रक्कम आमच्या गरजेएवढी होती, म्हणून तो नकार द्यायला मन घट्ट करावे लागले. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, करार करताना जे माध्यम व्यवहारात नव्हते त्याचा स्पष्ट उल्लेख केल्याशिवाय त्याचे हक्क जात नाहीत, हेही लक्षात ठेवावे आणि ‘भविष्यात शोधली जाणारी सर्व माध्यमे’ हे शब्द मसुद्यात दिसताच थांबावे.

वितरणाचा विचार करताना इंदूरमध्ये राहण्याचा एक लाभ झाला. हिंदी चित्रपटांच्या जुन्या व्यापारी विभागणीत हे शहर सेंट्रल इंडिया सर्किटचे, म्हणजे त्या नावाच्या वितरण-विभागाचे, केंद्र आहे, आणि इथल्या वितरकांच्या कार्यालयांत बसून हा व्यवसाय समजून घेता येतो. ही विभागणी राज्यांच्या सीमांशी जुळत नाही. मराठी चित्रपटाचे स्वतःचे घर असलेला महाराष्ट्रच तीन सर्किटांत वाटला गेला आहे: मुंबई, पुणे व कोकण हे मुंबई सर्किटमध्ये, विदर्भ व खानदेश सीपी-बेरारमध्ये आणि मराठवाडा निजाममध्ये. सीपी-बेरार, सेंट्रल इंडिया आणि राजस्थान यांच्या सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन या व्यावसायिक संघटनेचे मुख्यालय भुसावळला आहे. म्हणून ‘आम्ही महाराष्ट्रभर लावू’ असे म्हणणाऱ्या संस्थेला मी लगेच विचारतो की नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरसाठी तुमचा उपवितरक कोण, आणि त्याचे कमिशन तुमच्या कमिशनमधून जाणार की आमच्या वाट्यातून? या प्रश्नाचे सरळ उत्तर देणारी संस्था पुढच्या हिशेबातही सरळ राहण्याची शक्यता अधिक असते.

हिशेब निर्मात्याने एकदा कागदावर स्वतः मांडून पाहावा. तिकिटाच्या रकमेतून जीएसटी वजा जाता १०० रुपये उरले असे धरू. निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्या २००९ च्या समझोत्यानुसार वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि चौथ्यात ३० टक्के असा उतरत जातो. म्हणजे पहिल्या आठवड्यातही हाती येतात ५० रुपये. वितरकाचे कमिशन १५ टक्के धरले तर राहिले ४२ रुपये ५० पैसे, आणि त्यातून आधी प्रसिद्धीचा व डिजिटल प्रक्षेपणाचा खर्च वळता होतो. तोंडी शिफारशीने जो भयपट तिसऱ्या आठवड्यात भरू लागतो, त्याचा वाटा तोवर घसरलेला असतो. एकरकमी विक्रीत वितरक सगळी जोखीम घेतो आणि सगळा नफाही. किमान हमीच्या, म्हणजे एमजीच्या, व्यवहारात ठरलेली रक्कम आधी मिळते आणि ती वसूल झाल्यावर पुढचा वाटा. कमिशनच्या व्यवहारात जोखीम पूर्णपणे आपली राहते. ताऱ्यांविना केलेल्या मराठी भयपटाला आज एमजी सहसा कोणी देत नाही, म्हणून कमिशनचाच पर्याय उरतो. मग प्रसिद्धीच्या खर्चाला कमाल मर्यादा, चित्रपटगृहनिहाय दैनंदिन आकडे पाहण्याचा अधिकार आणि हिशेबाची वही तपासण्याचा हक्क, एवढे लेखी असलेच पाहिजे.

खेळांच्या वेळेविषयी मी विशेष आग्रही आहे. सकाळी अकराच्या खेळाला भयपट लावणे म्हणजे तो न लावण्यासारखेच आहे, आणि छोट्या मराठी चित्रपटांना नेमक्या त्याच वेळा मिळतात. वेळेची हमी कोणताही वितरक देऊ शकत नाही, कारण तो निर्णय चित्रपटगृहांचा असतो. परंतु कमी पडदे घेऊन रात्रीच्या खेळांसाठी भांडावे, की जास्त पडदे घेऊन आकडा दाखवावा, या प्रश्नावर त्याची भूमिका काय आहे हे बोलण्यातून कळते. इथले एक ज्येष्ठ वितरक चित्रपट पाहून झाल्यावर सर्वांत आधी हेच बोलले की पुणे, नागपूर आणि इंदूरमध्ये रात्रीचे मोजके खेळ मिळवू आणि बाकीची शहरे दुसऱ्या आठवड्यात पाहू. रक्कम त्यांनी फारशी देऊ केली नाही, तरीही त्यांनी चित्रपटाचा स्वभाव ओळखला आहे असे मला प्रामाणिकपणे वाटले.

प्रमाणपत्राचा प्रश्नही संस्थेने स्वतःहून काढायला हवा. ‘ए’, म्हणजे केवळ प्रौढांसाठीचे, प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट दूरचित्रवाणीवर तसाच दाखवता येत नाही, त्यामुळे वाहिन्यांचे हक्क विकण्याची आशा असेल तर ‘यूए’ मिळेल अशी वेगळी प्रत लागते. सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’मध्ये ७, १३ आणि १६ वर्षांचे टप्पे आले असून, आमच्यासारख्या रक्तपात कमी आणि धास्ती जास्त असलेल्या चित्रपटाला १६ चा टप्पा योग्य ठरेल असे मला वाटते. अर्ज मात्र आपल्याच नावाने करावा.

निर्मितीत सहभागी होऊ पाहणाऱ्या संस्थेची परीक्षा मी ध्वनीवरून करतो. आमच्या कथेतील वाड्यात दिसण्यासारखे फार थोडे घडते. माडीवरच्या फळ्यांची करकर, बंद दाराआडचा श्वास आणि मध्येच पडणारी शांतता यांवर सगळे उभे आहे. एका संस्थेच्या अंदाजपत्रकात पोस्टर आणि ट्रेलरसाठी भरघोस तरतूद होती आणि ध्वनीमिश्रण एका ओळीत, तेही स्टुडिओचे नाव न देता, उरकले होते. ५.१, म्हणजे प्रेक्षकाच्या चहूबाजूंनी आवाज ऐकवणाऱ्या, मिश्रणासाठी किती दिवस मिळतील, ते कोणत्या स्टुडिओत होईल, आणि तालुक्याच्या गावातील जुन्या चित्रपटगृहात ते ऐकून पाहण्याची सोय होईल का, हे विचारल्यावर ज्यांना ते प्रश्न अनावश्यक वाटले त्यांच्याशी मी पुढे बोललो नाही. मध्य प्रदेशच्या चित्रपट पर्यटन धोरणातील अनुदान मिळवून देऊ, असेही काही संस्था सांगतात. ते उपयोगाचे आहे, पण त्या अर्जाची कागदपत्रे निर्मात्याकडेच असतात आणि तेवढ्यासाठी मालकीत भागीदार घेण्याचे कारण नाही.

ओटीटीच्या बाबतीत बहुतेक छोट्या निर्मात्यांना मध्यस्थ संस्थेमार्फतच जावे लागते. तिथे कुठे एकरकमी किंमत मिळते, कुठे पाहिल्या गेलेल्या वेळेच्या प्रमाणात पैसे. आधी विचारली जाते ती हक्कांची साखळी: लेखकाचा करार, संगीतकाराचा करार, प्रत्येक कलाकाराचे संमतिपत्र, वाड्याच्या मालकांची लेखी परवानगी. हौशी मंडळींना घेऊन काम करताना हे कागद मैत्रीखातर राहून जातात, म्हणून आम्ही ते चित्रीकरणाआधीच गोळा केले होते.

आता आमचा कल असा आहे की, चित्रपटगृहांचे हक्क तेवढे इंदूरच्या त्या ज्येष्ठ वितरकांना तीन वर्षांसाठी कमिशनवर द्यावेत, ध्वनीसाठी लागणारी रक्कम नफ्यातील वाट्याच्या बदल्यात वेगळ्या गुंतवणूकदाराकडून घ्यावी, आणि ओटीटी, डबिंग व पुनर्निर्मितीचे हक्क स्वतःकडे ठेवावेत. वितरकांनी जवळजवळ सर्व कलमे मान्य केली आहेत. करारापासून बारा महिन्यांत चित्रपट प्रदर्शित झाला नाही तर सर्व हक्क कोणतीही नोटीस न देता आमच्याकडे परत यावेत असे आम्ही लिहिले आहे. त्यांना अठरा महिने हवे आहेत, कारण सणासुदीच्या मोठ्या चित्रपटांपुढे रात्रीचे खेळ मिळवायला वेळ लागतो असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते मला पटण्यासारखे वाटते. अठरा महिने मान्य करून त्या बदल्यात प्रसिद्धीच्या खर्चाची मर्यादा आणखी खाली आणावी, असा प्रस्ताव आम्ही त्यांच्यापुढे ठेवणार आहोत.