गुडघ्याखालची उशी काढा

पाय कापून माणूस घरी आला की पहिल्याच रात्री कुणीतरी मायेनं त्याच्या गुडघ्याखाली उशी सरकवतं. बरं वाटतं म्हणून ती तिथंच राहते. गुडघ्याखाली पाय कापलेल्याचं खरं नुकसान ही उशी करते. गुडघा वाकलेलाच आखडतो आणि पुढं कृत्रिम पाय बसवायची वेळ येते तेव्हा सरळ होत नाही. बाजेवर पाय सरळ ठेवा. खुर्चीत स्टंप (कापल्यावर उरलेला पायाचा भाग) लोंबकळू देऊ नका, मांडीखालून पुढं येईल अशी फळी टाका. डॉक्टरांनी परवानगी दिली की दिवसातून 2-3 वेळा 15-20 मिनिटं पालथं झोपवा, म्हणजे कंबरेचा सांधाही मोकळा राहतो.

स्टंपला क्रेप बँडेज गोल गोल गुंडाळायचं नसतं. गोल वेढ्यानं रक्त अडतं आणि टोक फुगतं. वेढे तिरके, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे घ्या. टोकाला घट्ट, वर जाताना सैल. गुडघ्याखालच्या स्टंपला 4 इंची पट्टी पुरते. दर 4-6 तासांनी सोडून पुन्हा बांधा. ठणका लागला किंवा कातडी काळीनिळी दिसली तर लगेच सोडा.

हे काम सगळं बायकोवर टाकू नका. एक वेळ त्यानं स्वतः बांधावं (गुडघ्याखाली असेल तर हात पोचतो), एक वेळ भावानं किंवा मुलानं. बायको दिवसभर नर्स झाली की दोघांत बोलायला पट्टी, गोळ्या आणि साखर एवढंच उरतं. सासूबाईंनी, जावेनं दिवसातला तासभर तिला मोकळा द्यावा. आणि पाय बायकोचा गेला असेल तर हेच उलटं धरा. तिथं तर आठवडाभरातच तिनं चुलीपुढं बसावं अशी घराची अपेक्षा असते, म्हणून नवऱ्यानं आधीच ठाम बोलावं.

भेटायला येणारे त्याच्यासमोर "आता शेत कोण बघणार" असं बोलतात. त्यांना थांबवा. सोयाबीन कधी विकायचं, बियाणं कोणतं आणायचं, हे त्यालाच विचारा.

रात्री अर्धवट झोपेत पाय नाही हे विसरून माणूस उठतो आणि स्टंपवरच पडतो. टाके उसवायचं हे नेहमीचं कारण. कुबड्या हाताशी आणि छोटा दिवा चालू ठेवा. न्हाणीतली शहाबादी फरशी ओली झाली की कुबडी सटकते. तिथं रबरी चटई, भिंतीत पक्कं बसवलेलं हँडल आणि बसून अंघोळीला खुर्ची लागते. काळ्या मातीत चालल्यावर कुबडीचं रबर धुवा, झिजलं की बदला. भार हातांवर घ्यायचा. काखेवर घेतला तर शिरा दबून हात बधिर होतो.

नसलेल्या पायाची बोटं दुखतात, असं तो सांगेल. ते खरं दुखणं आहे. त्यावर औषधं आहेत, आरशासमोर चांगला पाय हलवायचा व्यायामही आहे. घरच्यांनी "वेडा झालास का" म्हणू नये. नवरा-बायकोनं एका खोलीत झोपायला लवकर सुरुवात करावी. जखम भरली की जवळ यायला हरकत नाही, फक्त स्टंपवर भार पडू नये.

कृत्रिम पाय आल्यावर पहिल्या दिवशी अर्धा-एक तासच घाला आणि काढून कातडी बघा. लाली 15-20 मिनिटांत गेली तर ठीक, राहिली तर सॉकेट (कृत्रिम पायाची वाटी, जिच्यात स्टंप बसतो) टोचतंय. कापूस कोंबू नका, तंत्रज्ञाकडं जा. स्टंप बारीक होत गेला की सॉकेट ढिलं पडतं, तेव्हा स्टंपवर घालायच्या मोज्याचा एक थर वाढवतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घामानं कातडी सोलते, म्हणून दुपारी एकदा मोजा बदला. स्टंप रात्री धुवा. सकाळी धुतला तर ओलसर कातडी सॉकेटमध्ये घासते. पाय घालण्याआधी तेल नको.

मधुमेहामुळं पाय गेला असेल तर दुसरा पाय रोज तळव्यापर्यंत बघा. घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही.

दरम्यान सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्राचा, अर्ज करून टाका. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं ओळखपत्र मिळालं की एसटीच्या तिकिटात 75 टक्के सवलत असते. तपासणीच्या फेऱ्या पुष्कळ होणार आहेत.